पहिलीच क्लायम्बिंग स्पर्धा? नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवशिक्यांच्या स्पर्धांमध्ये मी कधी चढायला असतो, तर कधी कार्ड आणि पेन घेऊन जज म्हणून भिंतीखाली उभा असतो. दोन्हीकडे तेच तेच प्रश्न कानावर येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. बरीचशी उत्तरं बोल्डरिंगची, म्हणजे दोरीशिवाय, खाली मॅट टाकलेल्या कमी उंचीच्या भिंतीवर चढण्याची आहेत, कारण पहिली स्पर्धा बहुतेकांची तीच असते. दोरीवरच्या स्पर्धेत जिथे फरक पडतो, तिथे तसं लिहिलं आहे.

क्लायम्बिंग सुरू करून तीनच महिने झालेत. नाव देऊ का?

द्या. सोप्या रंगाचे चारपाच बोल्डर (बोल्डर म्हणजे भिंतीवर आखलेला एक छोटा मार्ग) शेवटपर्यंत चढता येत असतील आणि मॅटवर नीट पडता येत असेल, तर तेवढी तयारी पुरे. "अजून जरा हात बसू दे, मग बघू" म्हणणारे लोक दोन वर्षांनीही तेच म्हणताना मी पाहिले आहेत.

मला एकही पुल-अप मारता येत नाही. हसं होईल का?

नाही होणार. सोप्या आणि मध्यम बोल्डरवर अंगाचं वजन पायांवर असतं, हातांनी फक्त तोल सांभाळायचा असतो. उलट दहा-दहा पुल-अप मारणारी धडधाकट मंडळी प्रत्येक मूव्ह दंडाच्या जोरावर ओढतात आणि पाऊण तासात खुर्ची शोधतात. बुटाचा मधला भाग होल्डवर (भिंतीवर बसवलेल्या हातापायांच्या आधारावर) न ठेवता टोक ठेवायचं, कंबर भिंतीजवळ आणायची आणि लटकताना हात सरळ ठेवायचे. या तीन सवयी असतील तर पुल-अपशिवाय बरंच काम होतं.

स्पर्धेत नेमकं करायचं काय असतं?

सर्वसाधारण पद्धत अशी: भिंतीवर वीस-तीस क्रमांक दिलेले बोल्डर असतात आणि सगळ्यांना मिळून दोन-तीन तासांचा वेळ असतो. कोणता बोल्डर कधी आणि किती वेळा करायचा, ते ज्याचं त्याने ठरवायचं. हातात एक कार्ड दिलं जातं, त्यावर तुमचे प्रयत्न नोंदवले जातात. काही ठिकाणी नोंद जज करतो, काही ठिकाणी तुमची तुम्हीच करायची आणि बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या स्पर्धकाची सही घ्यायची.

दोरीवरची स्पर्धा असेल तर नवशिक्यांसाठी ती शक्यतो टॉप-रोप असते, म्हणजे दोरी आधीच वरून आलेली असते. लीडमध्ये दोरी आपणच खालून वर नेत वाटेतल्या क्लिपांत अडकवायची असते. ते शिकल्याशिवाय त्या गटात नाव देऊ नका. स्पीड हा तिसरा प्रकार. त्यात एकच ठरलेला मार्ग, आणि जो आधी वर पोचेल तो जिंकला.

गट कोणता निवडू?

सरावात जे बोल्डर तुम्हाला दोन-चार प्रयत्नांत जमतात, तो तुमचा गट. एखादा कठीण बोल्डर महिनाभर झगडून एकदा जमला, म्हणून वरच्या गटात जाऊ नका. आणि चार वर्षं चढणाऱ्यांनी पदकासाठी नवशिक्यांच्या गटात नाव देऊ नये. हे होतं, आणि सगळ्यांच्या लक्षात येतं.

गुण कसे मोजतात?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात. गुणांची पद्धत कळली की दिवसभराचा डाव आपोआप ठरतो. तीन पद्धती नेहमी दिसतात.

पहिली: प्रत्येक बोल्डरला सारखेच गुण, पण प्रयत्नांप्रमाणे घटत जाणारे. पहिल्या प्रयत्नात जमला तर 10, दुसऱ्यात 7, तिसऱ्यात 4, त्यानंतर कितव्याही प्रयत्नात 1. आता हिशोब बघा. एकाने आठ सोपे बोल्डर पहिल्याच प्रयत्नात केले आणि चार दुसऱ्या प्रयत्नात: 80 अधिक 28, म्हणजे 108. दुसरा त्याच्याहून ताकदवान, पण तो थेट कठीण बोल्डरांवर गेला. तीन पहिल्या प्रयत्नात आणि दोन सातव्या-आठव्या प्रयत्नात: 30 अधिक 2, म्हणजे 32. घाम दोघांनी सारखाच गाळला.

दुसरी: बोल्डर जितका कठीण तितके त्याचे गुण जास्त, आणि शेवटी फक्त तुमचे सर्वोत्तम पाच किंवा सहा धरायचे. इथे वीस सोपे बोल्डर करून उपयोग नाही, कारण त्यातले चौदा-पंधरा गळणारच. चारपाच सोपे करून जमा बाजू पक्की करायची आणि मग एकेक वरचा बोल्डर करून खालचा बदलत जायचं.

तिसरी पद्धत मला सगळ्यात मजेशीर वाटते. प्रत्येक बोल्डरचे 1000 गुण, आणि तो जितक्या जणांना जमेल तितक्यांत ते वाटले जातात. वीस जणांनी केला तर प्रत्येकी 50, दोघांनीच केला तर 500. इथे आपला हातखंडा असलेला विचित्र बोल्डर शोधायचा. तोल सांभाळत चढायचा स्लॅब, म्हणजे मागे कललेली भिंत, बऱ्याच जणांना नको असतो. तुम्हाला जमत असेल तर तिथे जा.

टॉप-रोप आणि लीडमध्ये होल्डना खालून वर क्रमांक असतात. जो शेवटचा होल्ड तुम्ही नीट ताब्यात घेतला, तो तुमचा गुण. 23वा होल्ड धरून पुढच्याकडे खरोखर झेप किंवा हालचाल केली असेल तर 23 अधिक. त्यामुळे हात सुटणारच आहेत असं वाटलं तरी पुढच्या होल्डकडे हात टाकूनच पडायचं.

फ्लॅश, टॉप, झोन, बीटा... हे शब्द काय आहेत?

टॉप म्हणजे बोल्डर पूर्ण होणं. फ्लॅश म्हणजे पहिल्याच प्रयत्नात टॉप. झोन हा मधला एक खूण केलेला होल्ड. तिथपर्यंत पोचलात तर थोडे गुण पदरात पडतात. बीटा म्हणजे तो बोल्डर कसा चढायचा याची माहिती. बीटामॅक्स या जुन्या व्हिडिओ टेपवरून हा शब्द आला असं सांगतात.

प्रयत्न मोजायला कधी सुरुवात होते?

दोन्ही हात सुरुवातीच्या खूण केलेल्या होल्डवर आहेत आणि पाय जमिनीवरून उचलले, की प्रयत्न सुरू. मग लगेच पाय घसरून मॅटवर आलात तरी तो प्रयत्न मोजला जातो. जमिनीवर उभं राहून होल्डना हात लावून बघायला कितपत परवानगी आहे, हे स्पर्धेनुसार बदलतं. सुरुवातीच्या सूचनांत ते सांगतात, आणि नेमकं तेव्हाच अर्धे लोक बूट घालण्यात गुंतलेले असतात.

प्रयत्न बाद होण्याची नेहमीची कारणं: चढताना पाय मॅटला टेकणं, दुसऱ्या रंगाचा होल्ड वापरणं, भिंतीची बाहेरची कड धरणं, काळ्या टेपने बंद केलेल्या भागाचा आधार घेणं.

आणि टॉप कधी धरतात?

शेवटच्या होल्डवर दोन्ही हात आले आणि अंग स्थिर झालं, की. एका हाताने थापटी मारून खाली आलात तर टॉप नाही, कितीही जीव तोडून मारली असली तरी. जज हात वर करेपर्यंत किंवा "ओके" म्हणेपर्यंत धरून ठेवा. मी जज असताना सगळ्यात जास्त वाईट याच वेळी वाटतं: मुलगी वर पोचलेली, खाली टाळ्या सुरू, आणि दुसरा हात होल्डला लागायच्या आत तिने उडी टाकलेली.

नवे बूट घेऊ का?

स्पर्धेसाठी मुळीच नको. भाड्याचे बूट चालतात. बोटं पुढे टेकलेली असावीत, पण चालताना तोंड वेडंवाकडं होऊ नये. दोन प्रयत्नांच्या मध्ये बूट काढून बसा, पायांना तेवढाच आराम. नवे बूट घेतलेच असतील तर निदान काही सत्रं वापरून मगच स्पर्धेत घाला.

चॉक किती लावायचा?

हाताला पातळ थर बसेल इतकाच. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. त्याचं काम घाम शोषायचं, चिकटवायचं नाही. जाड थर बसला तर हात उलट घसरतो. होल्डवर आधीच्यांच्या चॉकचा लेप साचला असेल तर चढायच्या आधी ब्रशने घासून घ्या. गोल आणि निसरड्या स्लोपरवर याने फारच फरक पडतो. काही हॉलमध्ये फक्त लिक्विड चॉक चालतो, ते आधी विचारून घ्या.

नखं, अंगठ्या, केस?

नखं एक-दोन दिवस आधी कापा, त्याच दिवशी खोलवर कापू नका. अंगठी काढाच. ती होल्डमध्ये अडकून वजन त्या बोटावर आलं तर बोटाची कातडी सोलवटून निघू शकते. केस लांब असतील तर बांधा, विशेषतः दोरीच्या स्पर्धेत.

आदल्या आठवड्यात किती सराव करू?

कमी. शेवटचं जोरदार सत्र तीन-चार दिवस आधी आटपा. नंतर हवं तर एक हलकं सत्र करा आणि आदला दिवस मोकळा ठेवा. आठवडाभरात ताकद वाढत नाही, पण बोटांची कातडी मात्र सहज जाते. लाल, पातळ झालेल्या बोटांनी स्पर्धेला येणारे लोक तिसऱ्या बोल्डरपासून टेप मागत फिरतात.

दोन किलो वजन उतरवलं तर फायदा होईल का?

नको. उपाशी शरीराची पकड लवकर सुटते आणि दुखापतही लवकर होते. या खेळात वजनाचा नाद लागून खेळाडूंनी स्वतःचं नुकसान करून घेतल्याचा जुना इतिहास आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आता खेळाडू पुरेसं खातात की नाही, हे तपासण्याचे नियम आले आहेत. नेहमीचं जेवा, दोन-तीन तास आधी जेवा आणि मधल्या वेळेत थोडं थोडं खायला जवळ ठेवा.

वॉर्म-अप खरंच लागतो?

लागतो, आणि बोटांचा जास्त लागतो. आधी अंग गरम होईपर्यंत हालचाल, मग खांदे आणि मनगटं, मग मोठ्या, सहज धरता येणाऱ्या होल्डवर दहापंधरा मिनिटं आरामात चढणं. गार बोटांनी थेट बारीक क्रिंपवर (फक्त बोटांची टोकं मावतील अशा कडेवर) लटकलात तर बोटातला स्नायुबंध हाडाशी धरून ठेवणारा पट्टा दुखावू शकतो. त्याला पुली म्हणतात, आणि ती बरी व्हायला आठवडे किंवा महिने लागतात.

सुरुवात कोणत्या बोल्डरपासून करू?

डोळे मिटून जमेल अशापासून. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी हे केलं नाही. ओळखीचे चार जण एका ओव्हरहँगखाली, म्हणजे अंगावर झुकलेल्या भिंतीखाली, जमले होते, मीही तिथेच थांबलो. प्रत्येक वेळी शेवटून दुसऱ्या होल्डवरून पडत होतो आणि प्रत्येक वेळी वाटत होतं, आता नक्की. घड्याळ बघितलं तेव्हा पन्नास मिनिटं गेली होती आणि कार्डावर एक भोपळा होता. नंतर सोपे बोल्डर करायला गेलो, तर तिथेही बोटं उघडत होती. ज्या बोल्डरवर सरावात गप्पा मारत चढतो, तो तिसऱ्या प्रयत्नात कसाबसा झाला.

तेव्हापासून मी असं करतो. पहिली दहा मिनिटं कार्ड खिशात ठेवून नुसता चक्कर मारायचा. सगळे बोल्डर खालून बघायचे आणि मनात तीन ढीग करायचे: नक्की होणारे, बहुधा होणारे, आणि नशिबाने होणारे. पहिल्या तासात पहिला ढीग संपवायचा, घाई न करता, प्रत्येक वेळी फ्लॅश करायचाच म्हणून नीट बघून. मधला वेळ दुसऱ्या ढिगाला द्यायचा. तिसऱ्यातले एक-दोनच निवडायचे. एकाच जागी तीनदा पडलो आणि चौथ्या वेळी काय वेगळं करणार ते सांगता येत नसेल, तर तो बोल्डर सोडून द्यायचा.

रांग हाही एक भाग आहे. सोप्या बोल्डरांपुढे सुरुवातीला गर्दी असते. अशा वेळी कोपऱ्यातला मोकळा बोल्डर करून या.

भिंत "वाचायची" म्हणजे काय?

चढायच्या आधी खाली उभं राहून हातांची चाल ठरवायची: उजवा इथे, डावा तिथे, इथे दोन्ही हात एका होल्डवर. हवेत हात हलवून बघायला लाजू नका. ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीतले खेळाडूही भिंतीकडे बघत तसंच करतात. नवशिक्यांची चूक अशी की हातांचं ठरवतात आणि पायांचं विसरतात. मधल्या कठीण जागी पाय कुठे असतील, ते आधी शोधा. छोटे होल्ड वरून दिसत नाहीत, पोटाखाली लपतात.

हात भरून आले तर?

थांबा. घट्ट धरून राहिलं की कोपराखालच्या स्नायूंतला रक्तप्रवाह दाबला जातो आणि हात दगडासारखे होतात. मग बोटं आपोआप उघडतात. हात सैल सोडून हलवा, थोडा वेळ डोक्यावर धरा, पुन्हा खाली सोडा. जोर लावलेल्या दोन प्रयत्नांत निदान तीन-चार मिनिटं जाऊ द्या. पडल्याबरोबर उठून पुन्हा भिंतीला लागणं म्हणजे एक प्रयत्न फुकट घालवणं. पूर्ण ताकदीने जे जमलं नाही, ते अर्ध्या ताकदीने कसं जमेल?

पडायची भीती वाटते.

वाटायला हवी, थोडी. बोल्डरिंगमधल्या पुष्कळ दुखापती चढताना होत नाहीत, खाली येताना होतात. दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे सैल ठेवून बसत जायचं आणि पाठीवर मागे लोळायचं. हात छातीशी. मागे हात टेकवून पडणं थांबवायला गेलात तर मनगट किंवा कोपर जातं. सरावात आधी कमी उंचीवरून आणि मग जरा वरून मुद्दाम पडून बघा. टॉप झाल्यावर उडी मारू नका, होल्ड धरत खाली उतरा. आणि दुसऱ्याच्या बोल्डरखाली मॅटवर बसून गप्पा मारू नका, ही विनंती नव्हे, तंबी समजा.

दोरीवर असाल तर प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, चढणारा आणि बिले देणारा (खालून दोरी सांभाळणारा) यांनी एकमेकांचं बघायचं: हार्नेसचे बकल, आठाची गाठ, बिले डिव्हाइसमधली दोरी, कॅराबिनरचं (दोरी अडकवायच्या कडीचं) कुलूप. ऑटो-बिले, म्हणजे दोरी सांभाळणारं मशीन, असेल तर मशीन चुकण्यापेक्षा माणूस क्लिप लावायलाच विसरण्याचा धोका मोठा. स्पर्धेच्या गडबडीत तो आणखी वाढतो.

सगळे बघत असतात त्याचं काय?

बहुतेक लोक स्वतःच्या पुढच्या बोल्डरकडे बघत असतात.

दुसऱ्याला "हा कसा केलास?" असं विचारलं तर चालतं?

खुल्या वेळेच्या स्पर्धेत चालतं, आणि विचारावंच. क्लायम्बरला स्वतःचा बीटा सांगायला फार आवडतं. फक्त समोरचा तुमच्यापेक्षा फूटभर उंच असेल तर त्याची पद्धत तुम्हाला लागू पडेलच असं नाही. आणि कुणी न विचारता खालून "डावा पाय, डावा पाय!" असं ओरडू नका. एखाद्याला ते कोडं स्वतः सोडवायचं असतं.

माझी उंची कमी आहे. बोल्डर उंच लोकांसाठीच लावलेले असतात का?

चांगला रूट सेटर (भिंतीवर बोल्डर लावणारा) तसं होऊ देत नाही, पण सगळेच बोल्डर सगळ्यांना सारखे बसत नाहीत, हे खरं. हात पुरत नसेल तर पाय आणखी वरच्या होल्डवर नेता येतो का बघा. आखडून बसायच्या जागी आणि जवळजवळच्या बारीक होल्डवर उंच माणसं अडकतात. ते बोल्डर तुमचे.

जजचा निर्णय चुकीचा वाटला तर?

लगेच, शांतपणे, तिथेच विचारा. अर्ध्या तासाने कुणालाच काही आठवत नाही. मग मुख्य जज जे म्हणेल ते मान्य करा.

माझ्या दहा वर्षांच्या मुलीला नाव द्यायचं आहे. काही धोका?

मुलांच्या गटात जरूर द्या. काळजी बोटांची घ्यायची. वाढत्या वयात बोटांच्या हाडांतला वाढीचा भाग कच्चा असतो, त्यामुळे बारीक होल्डवर लटकण्याचे खास व्यायाम आणि कॅम्पस बोर्ड (पाय न लावता नुसत्या हातांनी चढायची फळी) मुलांना नकोत. बोटाच्या मधल्या सांध्यात दुखतंय असं मूल म्हणालं, तर सराव बंद करून डॉक्टरांना दाखवा. टेप लावून स्पर्धा पुरी करायची नाही. आणि पालकहो, खालून ओरडून मूव्ह सांगू नका. मूल भिंतीऐवजी तुमच्याकडे बघायला लागतं.

चुकून अंतिम फेरीत गेलो तर?

तिथे नियम बदलतात. तुम्हाला भिंत न दिसणाऱ्या एका खोलीत बसवतात, म्हणजे आधीच्यांचं बघून कुणाला फायदा नको. बोल्डर नवे असतात आणि प्रत्येकाला ठरावीक मिनिटं मिळतात. खोलीत जाताना पाणी, खाणं आणि अंगावर घ्यायला जाडसर काहीतरी न्या, तिथे बसून अंग गार पडतं. मोबाइल बहुधा काढून घेतात.

ऑलिम्पिकमध्ये असतं ते हेच का?

मूळ तेच. क्लायम्बिंग पहिल्यांदा टोकियो ऑलिम्पिकमध्ये आलं, जे 2021 मध्ये झालं. पॅरिसला 2024 मध्ये स्पीड वेगळं केलं आणि बोल्डर व लीडचं एकत्र पदक ठेवलं. तिथे बोल्डरला टॉपचे 25, वरच्या झोनचे 10 आणि खालच्या झोनचे 5 गुण होते, आणि फुकट गेलेल्या प्रत्येक प्रयत्नाला 0.1 कमी होत होता. म्हणजे तिथेही प्रयत्नांचा हिशोब सुटत नाही. स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेटने दोन्ही वेळा सुवर्ण जिंकलं. स्पीडची भिंत 15 मीटर उंच असते आणि होल्डची मांडणी जगभर एकच. पॅरिसच्या पुरुषांच्या अंतिम शर्यतीत इंडोनेशियाचा वेद्द्रिक लिओनार्डो 4.75 सेकंदांत वर होता. तेवढ्या वेळात मी बुटाचा पट्टा लावतो.

शेवटचा आलो तर?

कुणीतरी येतंच. मी दोनदा आलो आहे.

स्पर्धा संपल्यावर न जमलेले बोल्डर परत करता येतात का?

बऱ्याच हॉलमध्ये स्पर्धेचे बोल्डर काही दिवस किंवा आठवडे तसेच ठेवतात. दोन दिवस विश्रांती घ्या, बोटांची कातडी भरू द्या आणि मग जा. माझा तो ओव्हरहँग तीन दिवसांनी दुसऱ्या प्रयत्नात झाला. शेवटून दुसऱ्या होल्डवर डावी टाच वर अडकवायची होती, एवढंच.

आणखी काही?

वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी कार्डावर नाव, गट आणि सह्या आहेत का बघा आणि ते टेबलावर नेऊन द्या. दर स्पर्धेनंतर एखादं तरी कार्ड मला मॅटखाली सापडतं, आणि त्याचे गुण शून्य लागलेले असतात.